डावीकडची दाढ आणि तीन युनिटचा ब्रिज

डावीकडून जेवायला लागून आता दोन महिने झालेत. सगळं नीट आठवतंय तोवर लिहून काढतोय, कारण हे ब्रिजचं काम, म्हणजे काढलेल्या दाढेच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने खोटा दात बसवायचं काम, करायच्या आधी मी बऱ्याच जणांना विचारलं पण नेमकं काय करतात, किती वेळा जावं लागतं, शेजारचे चांगले दात खरंच कापतात का, हे कुणी सरळ सांगेना. जो तो म्हणायचा काही नसतं हो, बसवून देतात. बसवून देतात हे खरं, पण मधे बरंच काही असतं.

माझी खालची डावी मोठी दाढ २०१८ ला काढली. किडली होती, रूट कॅनल करून वाचेल असं म्हणाले होते पण तेव्हा घरात मोठा खर्च चालू होता, मुलीचं दहावीचं वर्ष होतं, मी म्हटलं काढून टाका. जिथे काढली तिथे कापूस दाबून ठेवा, आज गरम खाऊ नका, गोळ्या पाच दिवस घ्या एवढं सांगितलं. ही जागा भरून घ्या, किती दिवसांत भरा, हे काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. दुखणं थांबलं, विषय संपला. उजवीकडून चावायची सवय लागली आणि सहा वर्षं त्या एका बाजूवर काढली.

गेल्या दिवाळीत उजवीकडचा जबडा कानाजवळ दुखायला लागला. चकली खाताना तर टचकन कळ यायची. डावीकडे टाकावं तर त्या खड्ड्यात घास अडकायचा, जेवण झालं की दहा मिनिटं काडी घेऊन बसायचं. आधी वाटलं कान दुखतोय. शेवटी मिसेस म्हणाली, अहो, कानाच्या डॉक्टरकडे जायच्या आधी दात तरी दाखवा. मग आमच्या नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याकडे एक डेंटिस्ट मॅडम आहेत, कंपनीतल्या दोघातिघांनी त्यांच्याकडे काम केलेलं होतं, त्यांच्याकडे गेलो. आम्ही सिडकोत राहतो आणि माझी कंपनी अंबडला, त्यामुळे सुटल्यावर जाता येता रस्त्यातच पडतं, हेही बघितलं कारण चकरा होणार हे माहीत होतं.

मॅडमनी तपासलं आणि आधी पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून आणायला सांगितला, ओपीजी म्हणतात त्याला, तो मी कॅनडा कॉर्नरजवळच्या एका सेंटरवर काढला. उभं राहायचं, हनुवटी टेकवायची, मशीन डोक्याभोवती फिरतं, मिनिटभरही लागत नाही. तो घेऊन गेलो तर त्यांनी पेनाने दाखवलं, आणि ते बघून मला खरंच वाईट वाटलं. माझी मागची दाढ, जी अगदी चांगली होती, ती पुढे त्या रिकाम्या जागेत कलंडली होती. वरची समोरची दाढ खाली आधार नाही म्हणून थोडी खाली उतरून आली होती. आणि जिथली दाढ काढली तिथलं हाड आजूबाजूपेक्षा खाली बसलं होतं. मॅडम म्हणाल्या, काका, दाढ काढली की हाडाला काम उरत नाही, ते हळूहळू विरघळत जातं, आणि शेजारचे दात मोकळी जागा मिळेल तिकडे सरकतात, वर्षभरात आला असता तर काम सोपं होतं.

मी टूलरूममध्ये आहे, २४ वर्षं झाली, डाय आणि मोल्डचं, म्हणजे साच्यांचं, फिटिंग करतो. एक क्लॅम्प काढला की त्यात पकडलेला जॉब हलतो हे मी पोरांना रोज सांगतो. स्वतःच्या तोंडात तेच सहा वर्षं चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

तीन पर्याय सांगितले. पहिला काढ-घाल करायची कवळी, सगळ्यात स्वस्त, पण एका दाढेसाठी प्लेट वागवायची आणि रात्री काढून ठेवायची, ते मला नको होतं. दुसरा इम्प्लांट, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, हाड त्याला धरेपर्यंत तीन-चार महिने किंवा जास्त थांबतात आणि मग वर दात. त्यात शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा, पण माझं हाड खाली बसलेलं, तिथे आधी हाड भरायला लागेल असं त्या म्हणाल्या, म्हणजे पैसे आणि महिने दोन्ही वाढले. तिसरा ब्रिज. पुढचा एक आणि मागचा एक दात ट्रिम करून बारीक करायचे, दोघांवर टोप्या, आणि मधला खोटा दात त्या दोन टोप्यांना जोडलेला, तिन्ही मिळून एकच तुकडा. गोदावरीवरच्या पुलासारखंच, दोन्ही काठाला खांब आणि मधे स्लॅब.

पैशाचं आधी क्लिअर करून घ्या. ब्रिजचा रेट युनिटवर असतो, आणि मधला दात नसला तरी तोही युनिट म्हणून धरतात, म्हणजे एक दात गेला तर तीनचे पैसे. मला मेटल-सिरॅमिकचे, म्हणजे आत धातू आणि वर सिरॅमिक, ४५०० रुपये युनिट सांगितले, झिर्कोनियाचे, म्हणजे धातू नसलेल्या कडक सिरॅमिकचे, ९०००, मागच्या दाढेच्या रूट कॅनलचे ४००० वेगळे, इम्प्लांट दातासकट ३५००० आणि हाड भरायचे पैसे त्याच्यावर वेगळे. हे माझ्या एका दवाखान्याचे आकडे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. आमच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये दाताचं हे काम बसत नाही, एचआरला विचारून खात्री केली होती. शेजारच्या आजींनी कवळी पंचवटीतल्या दंत महाविद्यालयात करून घेतली, तिथे पैसे बरेच कमी लागले, विद्यार्थी काम करतात पण वर सर लोक उभे असतात, फक्त चकरा जास्त. ज्याला वेळ आहे त्याने तिथे नक्की विचारावं. मला सुट्ट्या मिळत नव्हत्या.

झिर्कोनिया दिसायला छान, आत मेटल नाही, आणि ते कसं बनवतात ते ऐकून मला त्यातच जास्त इंटरेस्ट आला होता. कच्च्या ब्लॉकमधून मशीनवर वीसेक टक्के मोठा दात कापतात, मग १५०० डिग्रीच्या आसपास भट्टीत भाजतात तेव्हा तो आकसून बरोबर मापात येतो. पण दाढ मागची, हसताना दिसत नाही, मेटल-सिरॅमिकही टिकाऊ असतं असं मॅडम म्हणाल्या, मी तेच घेतलं.

खरा प्रश्न मला पैशाचा नव्हता. पुढची छोटी दाढ, तिला आयुष्यात कधी सिमेंटसुद्धा भरलेलं नाही, ती चांगली दाढ कापायची हे मनाला पटत नव्हतं. मी विचारलं किती कापणार. चारी बाजूंनी मिलिमीटर ते दीड, वरून दोनपर्यंत. आणि एकदा कापली की परत येत नाही, कायमची टोपी. आमच्याकडे एक मिलिमीटर म्हणजे खूप मटेरियल. आठ दिवस विचार केला. मॅडमनी घाई केली नाही, उलट म्हणाल्या पटल्याशिवाय करू नका. शेवटी मी असा विचार केला की न करता थांबलो तर मागची दाढ अजून कलंडणार, वरची अजून उतरणार, म्हणजे एकीच्या जागी तीन जाणार.

मागच्या दाढेचं रूट कॅनल का करावं लागलं ते सांगतो, कारण ती किडलेली नव्हती. ब्रिज एकच तुकडा असतो, तो वरून सरळ खाली बसला पाहिजे. त्यासाठी दोन्ही खांब एकमेकांना समांतर लागतात, वर किंचित निमुळते, कुठेही अंडरकट, म्हणजे आत गेलेली खाच, नको, नाहीतर तुकडा आत जाणारच नाही. मोल्डमध्ये आम्ही ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना किंचित उतार, देतो तेच गणित. आता एक खांबच तिरका असेल तर तो सरळ करायला एका बाजूने जास्त कापावं लागतं, आणि माझ्या दाढेत तेवढं कापलं तर नसेपर्यंत पोचत होतं. म्हणून आधी नस काढून घेतली. म्हणजे एका चांगल्या दाढेची नस माझ्या सहा वर्षांच्या उशिरामुळे गेली, याची चुटपुट मला अजूनही आहे.

रूट कॅनलच्या तीन सिटिंग झाल्या. इंजेक्शन खालच्या जबड्याला मागे आत देतात, टोचताना दोन सेकंद, मग अर्धी जीभ आणि ओठ जड. दुखलं तर डावा हात वर करा असं सांगून ठेवलं होतं, मी एकदाच केला, त्यांनी लगेच थांबून अजून थोडं औषध दिलं. मला बीपीची गोळी आहे ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, त्यांनी प्रत्येक वेळी बीपी मोजूनच सुरुवात केली. कुणाला शुगर असेल, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर लपवू नका. आणि एक, सुन्नपणा उतरायला दोन-तीन तास लागतात, तोपर्यंत खाऊ नका. मी भूक लागली म्हणून दीड तासात पोळी खाल्ली आणि गालाला आतून असा चावलो की ती जखम आठवडाभर होती, दाताच्या कामापेक्षा तीच जास्त दुखली.

मग ट्रिमिंगचा दिवस. दीड तास गेला. पाणी मारत मारत कापतात, दाताला उष्णता लागू नये म्हणून, आमच्याकडे कूलंट तसंच. वरच्या उतरलेल्या दाढेचं टोकही थोडं घासून लेव्हल केलं. मग हिरडीच्या कडेने एक बारीक दोरा दाबून बसवला, त्याने हिरडी जरा बाजूला सरते आणि दाताची खालची कड उघडी दिसते, तिथेच टोपी संपणार असते. मग माप. ट्रेमध्ये पुट्टीसारखं मटेरियल, वर पातळ एक, तोंडात दाबून चार-पाच मिनिटं. उमाळा येतो, तेव्हा मान पुढे करून नाकाने श्वास घ्यायचा.

ट्रे बाहेर काढल्यावर मी म्हटलं मला बघू द्या. मॅडमनी लाइटखाली धरला. निळ्या मटेरियलमध्ये माझे सगळे दात खड्डे होऊन उमटले होते, आणि डावीकडे ते दोन, बारीक झालेले, गुळगुळीत, मधे सपाट हिरडी. कडेची रेघ एवढी स्वच्छ आली होती की मला कारागिरीचं समाधान वाटलं आणि त्याच वेळी माझी चांगली दाढ आता एवढीशी खुंटी झालीय हेही दिसलं. मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो.

त्याच दिवशी कच्चा प्लास्टिकचा ब्रिज तात्पुरत्या सिमेंटने लावून दिला. तो लावलाच पाहिजे, नाहीतर कापलेले दात उघडे राहतात आणि हलतात पण. रंग बघायला मला खुर्चीतून उठवून खिडकीपाशी नेलं, दातांच्या नमुन्यांची पट्टी लावून लावून बघितली, ट्यूबलाइटमध्ये रंग फसतो म्हणाल्या. ए थ्री नंबरचा रंग आला. मिसेस बरोबर होती, तिला ए टू आवडत होता, पण मॅडमनी शेजारच्या दाताला दोन्ही टेकवून दाखवल्यावर तिलाही पटलं.

डिसेंबरचा शेवट होता, नाशिकची थंडी, सकाळी चूळ भरताना पुढच्या छोट्या दाढेत नस जिवंत असल्यामुळे सणकन जायची. कोमट पाण्यावर आलो. आणि रविवारी संध्याकाळी गुळाची पोळी चावताना कच्चा ब्रिज निघून हातात आला. घरात फेविक्विक होतं, मुलगी म्हणाली पप्पा लावू का, मी नको म्हटलं, आणि ते बरंच झालं कारण नंतर मॅडमनी सांगितलं तसं कुणी केलं तर दात आणि हिरडी दोन्हींचं नुकसान होतं. डबीत ठेवून सोमवारी नेला, पाच मिनिटांत परत चिकटवून दिला.

आठवड्याने मेटल ट्रायल. म्हणजे वरचं सिरॅमिक चढवायच्या आधी नुसता धातूचा सांगाडा बसवून बघतात. प्लास्टरच्या मॉडेलवर तो अगदी चपखल बसत होता, ते मी स्वतः हातात घेऊन बघितलं. तोंडात घातला तर मागच्या बाजूला किंचित डुलत होता. पुढे दाबला की मागे उचलला जायचा, अगदी केसभर, मला जिभेला कळत होतं. मॅडमनी टोकदार हत्यार कडेने फिरवलं, मागच्या दाढेच्या मागे टोक अडकलं. मला वाटलं आता घासून ॲडजस्ट करतील. त्यांनी काढून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, काका, हा नको, माप परत घेऊ, कडेला फट राहिली तर आत किडेल आणि बाहेरून कळणार पण नाही, त्यात तुमच्या त्या दाढेला नस नाही, दुखून सांगणार पण नाही. म्हणजे परत इंजेक्शन, परत दोरा, परत पुट्टी, अजून एक आठवडा. पैसे एक रुपया जास्त घेतला नाही.

मी रोज जॉब रिजेक्ट करणारा माणूस आहे. आलेला पीस परत पाठवणं किती जिवावर येतं ते मला माहीत आहे, डिस्पॅच थांबलेलं असतं, समोरचा तोंड वाकडं करतो. तिथे खुर्चीत आडवा पडलेलो असताना मला त्या बाईंबद्दल जो आदर वाटला तो आजही आहे. तुम्हाला ट्रायलला काही डुलतंय असं वाटलं तर सांगा, लाजू नका, सिमेंट लागल्यावर सांगून उपयोग नाही.

दुसरा सांगाडा बसला. सरळ खाली गेला आणि जागेवर टेकला, हाताला कळतं तसं तोंडालाही कळतं. मग सिरॅमिक चढवून जानेवारीच्या शेवटी फायनल आला. आधी आठवडाभर तात्पुरत्या सिमेंटवर ठेवला, हिरडी आणि बाइट, म्हणजे वरखालचे दात कसे भिडतात ते, बघायला. बाइट बघायची पद्धत म्हणजे निळा कागद दातांच्या मधे ठेवून टकटक करा, मग इकडे तिकडे घासा. जिथे उंच आहे तिथे निळा ठिपका पडतो, तो घासायचा, परत कागद. आम्ही फिटिंगला निळी शाई लावून दोन फेस एकमेकांवर टेकवून बघतो, ठिपके कुठे येतात त्यावरून घासतो, ते हेच काम. चार-पाच वेळा झालं तरी घरी आल्यावर उजवीकडचे दात आधीसारखे भिडत नाहीत असं वाटत होतं, परत गेलो, एकच ठिपका निघाला, तो गेला आणि तोंड एकदम शांत झालं.

पक्कं सिमेंट लावताना दात पूर्ण कोरडे करतात, कापसाचे रोल ठेवतात, मग दाबून धरायला लावतात. बाहेर आलेलं सिमेंट कडेने सगळं काढलं, मधल्या दाताखालून दोरा फिरवून सुद्धा. त्या दिवशी कडक खायचं नाही.

आता साफसफाई, हे कुणी नीट सांगत नाही. मधला खोटा दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो, त्याच्या खाली अन्न जातं आणि ब्रश पोचत नाही. वरून साधा फ्लॉस जात नाही कारण तिन्ही दात जोडलेले. त्यासाठी एक टोक कडक असलेला फ्लॉस मिळतो, सुपर फ्लॉस, ते टोक सुईसारखं दोन दातांच्या मधून खालून ओवायचं, मग फुगीर भाग मधल्या दाताखाली मागे-पुढे करायचा. मॅडमनी आरसा हातात देऊन माझ्याकडून तीनदा करून घेतलं. पहिला आठवडा रक्त यायचं आणि दहा मिनिटं लागायची, मी सोडून देणार होतो. आता रात्री दोन मिनिटांत होतं, रक्तही थांबलं. शिवाय छोटा बाटलीच्या ब्रशसारखा ब्रश असतो तो मागच्या बाजूला. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जातो म्हणाल्या, पण टोपीखालचा दात किडला तर सगळा ब्रिज कापून काढावा लागतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. ऊस सोलणं, खारीक, सुपारी त्या बाजूने बंद.

पहिल्या महिन्यात घास आपोआप उजवीकडेच जायचा, जीभच तिकडे ढकलायची. मुद्दाम मऊ भात डावीकडे, मग पोळी, मग भाकरी. मग एका रविवारी घरच्यांबरोबर मिसळ खायला गेलो, गंगापूर रोडला, आणि अर्धी प्लेट संपल्यावर माझ्या लक्षात आलं की मटकी डावीकडे चावतोय, पापडाचा तुकडाही. मिसेसला म्हटलं बघ. ती काही बोलली नाही, तिच्या ताटातला पापड मोडून मला दिला. उजवा जबडा कानाजवळ दुखायचा ते आता नाही.

गेल्या शनिवारी मोठे भाऊ सिन्नरहून आले होते. जेवताना बघितलं तर सगळं एका बाजूने चावताहेत. विचारलं, तर संक्रांतीनंतर खालची दाढ काढली म्हणे, आता काही दुखत नाही, मजेत आहे. मी उठलो, माझा ओपीजी कपाटातून काढला, खिडकीला लावला आणि ती कलंडलेली दाढ त्यांना बोटाने दाखवली. दादा, तुमची अजून सरळ असेल म्हटलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. येत्या शनिवारी संध्याकाळी सहाची अपॉइंटमेंट घेतलीय, सिन्नरवरून ते येतील, मी पाथर्डी फाट्यावर थांबणार आहे.